कळसूबाईपेक्षा बुटका, तरी दिवसभर घाम काढणारा डोंगर : अमेरिकेतल्या बॅक्स्टर स्टेट पार्कला जाण्याआधी हे वाचा

मंडळी, कळसूबाईची उंची किती? १६४६ मीटर, हे शाळेत पाठ केलेलं असतं. आता अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन नावाच्या राज्यात जाऊया. तिथला सर्वात उंच डोंगर आहे माऊंट कटाडिन, उंची १६०५ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ४१ मीटरने कमीच. पण हा डोंगर चढून उतरायला धडधाकट माणसाला आठ ते बारा तास लागतात. वाटेत लोखंडी शिड्या नाहीत, लिंबू सरबताची टपरी नाही आणि मोबाईलला रेंजही नाही.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे पायथ्याच्या पार्किंगमधली ठरलेली जागा भरली, की त्या दिवशी तिथून चढायला आणखी गाड्या सोडत नाहीत. मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा!

हा डोंगर ज्या जंगलात आहे त्याचं नाव बॅक्स्टर स्टेट पार्क. बॉस्टन किंवा न्यू जर्सीकडे राहणारे, मुलांकडे सुट्टीत गेलेले आणि ट्रेकिंगची आवड असलेले बरेच जण इथे जायचा बेत करतात. तो बेत फसू नये म्हणून हे पार्क समजून घेऊया.

स्टेट पार्क म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत नॅशनल पार्क हे केंद्र सरकारच्या अखत्यारीत असतं. १८७२ सालचं यलोस्टोन हे त्यातलं पहिलं. स्टेट पार्क मात्र त्या त्या राज्याचं असतं. बहुतेक स्टेट पार्कमध्ये डांबरी रस्ते, शौचालयं, सहलीची बाकं, कुठे कुठे दुकानंही असतात. कुटुंबासह जावं, डबा खावा, थोडं फिरावं आणि संध्याकाळी परत यावं, असा मामला.

बॅक्स्टर नावाने स्टेट पार्क असलं तरी या साच्यात बसत नाही. इथे वीज नाही, नळाचं पाणी नाही, डांबरी रस्ता नाही. आतला कच्चा रस्ता अरुंद आहे आणि त्यावर गाडी ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चालवायची नाही. पार्कचं क्षेत्रफळ मात्र सुमारे ८५० चौरस किलोमीटर आहे. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून साधारण ६०० चौरस किलोमीटर होतात, यावरून अंदाज घ्या.

एका माणसाने पदरमोड करून घेतलेलं जंगल

पर्सिव्हल बॅक्स्टर हे १९२१ ते १९२५ या काळात मेनचे गव्हर्नर होते. १९२० साली ते कटाडिन चढून आले आणि हा डोंगर राज्याने विकत घेऊन राखावा, असा त्यांनी ध्यास घेतला. त्या काळी ही सगळी जमीन कागद आणि लाकूड कंपन्यांच्या मालकीची होती. विधिमंडळाने त्यांची सूचना काही मान्य केली नाही.

गव्हर्नरपद गेलं, पण बॅक्स्टर थांबले नाहीत. १९३० साली त्यांनी स्वतःच्या पैशाने, २५,००० डॉलर मोजून, कटाडिनचा बराचसा भाग असलेली जवळपास ६,००० एकर जमीन विकत घेतली आणि राज्याला देऊन टाकली. मग पुढची तीस वर्षं ते एकेक तुकडा घेत राहिले आणि देत राहिले. १९६२ मध्ये शेवटची खरेदी झाली तेव्हा त्यांनी दिलेली जमीन दोन लाख एकरांच्या वर गेली होती.

ही देणगी फुकट नव्हती, तिला अट होती. हे जंगल कायम नैसर्गिक, रानटी अवस्थेतच राहिलं पाहिजे. लोकांनी यावं, पण जंगलाला धक्का न लावता. पुढे कुठल्या सरकारची नियत फिरू नये म्हणून त्यांनी देखभालीसाठी निधीही ठेवला. आजही हे पार्क मुख्यतः त्या निधीच्या उत्पन्नावर आणि प्रवेश-मुक्कामाच्या शुल्कावर चालतं. राज्याच्या तिजोरीवर अवलंबून नसल्यामुळे 'पर्यटक वाढवा' असा दबाव इथे फारसा चालत नाही.

इथला प्रत्येक नियम याच अटीतून आला आहे. इथे जंगल आधी आणि पाहुणा नंतर. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे नियम जाचक वाटत नाहीत.

आत कसं जायचं?

बॉस्टनहून गाडीने साधारण पाच तासांवर मिलिनॉकेट नावाचं छोटं गाव आहे. पेट्रोल, किराणा, जेवण जे काही घ्यायचं ते इथेच. पार्कमध्ये एकही दुकान नाही. दक्षिणेचं टोग पाँड गेट कटाडिनला जाणाऱ्यांसाठी सोयीचं, तर उत्तरेला मॅटागॅमन गेट आहे.

कटाडिन चढायचा असेल तर रोअरिंग ब्रुक, अॅबोल आणि कटाडिन स्ट्रीम या तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणची पार्किंगची जागा आधी ऑनलाईन राखून ठेवावी. राज्याबाहेरच्या लोकांसाठी हे आरक्षण साधारण दोन आठवडे आधी खुलं होतं. आरक्षण असूनही सकाळी ७ पर्यंत गेटवर पोहोचला नाहीत तर जागा दुसऱ्याला दिली जाते. त्यामुळे आदल्या रात्री मिलिनॉकेटमध्ये किंवा पार्कमधल्या तंबूच्या जागेवर मुक्काम केलेला बरा. नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी पार्कची अधिकृत वेबसाईट एकदा पाहाच.

काही गोष्टी मात्र घरीच ठेवायच्या :

- कुत्रा-मांजर : पाळीव प्राण्यांना पूर्ण बंदी आहे.
- मोटरसायकल : आत नेता येत नाही. फार मोठ्या कॅम्पर गाड्यांनाही मज्जाव आहे.
- ड्रोन : रीलसाठी कितीही मोह झाला तरी नाही.
- बाहेरच्या राज्यातलं सरपण : लाकडातून झाडांना मारणारी कीड येते, म्हणून मेन राज्यातच त्यावर बंदी आहे.

सोबत सहा वर्षांखालचं मूल असेल तर त्याला झाडांची हद्द संपते त्याच्या वर नेता येत नाही. तसंच एका गटात बारापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. मित्रमंडळ मोठं असेल तर गट आधीच वेगळे करा.

बुटका डोंगर एवढा अवघड का?

कारण त्याची जागा. कळसूबाई उष्ण कटिबंधात आहे, तर कटाडिन जवळपास ४६ अंश उत्तर अक्षांशावर. इथे साधारण ११०० मीटरच्या वर झाडं उगवतच नाहीत. पुढे नुसते दगड, खुरटी झुडपं आणि अंगावर येणारा वारा. पायथ्याशी टी-शर्टवर फिरणारा माणूस त्याच दुपारी माथ्यावर थंडीने कुडकुडतो. ढग उतरले की दहा पावलांवरचं दिसत नाही. १८४६ साली प्रसिद्ध लेखक हेन्री डेव्हिड थोरो इथे आले होते, तेही ढगांमुळे शिखर न गाठताच परतले.

हंट ट्रेल ही वाट एका बाजूने सुमारे ८.४ किलोमीटर आहे आणि वरच्या टप्प्यात हातापायांनी दगड चढावे लागतात. रोअरिंग ब्रुकहून चिमनी पाँड आणि तिथून सॅडल ट्रेल हा मार्ग त्यातल्या त्यात सोपा. सगळ्यात गाजलेली आहे ती नाईफ एज, म्हणजे सुरीची धार. पमोला शिखर आणि मुख्य शिखर यांना जोडणारी ही सुमारे १.८ किलोमीटरची कड काही ठिकाणी जेमतेम तीन फूट रुंद आहे, दोन्ही बाजूंना खोल उतार. वारा-पाऊस असेल तर तिकडे फिरकायचं नाही.

पमोला हे नाव पेनॉबस्कॉट या मूळनिवासी लोकांच्या कथांतून आलं आहे. मूस या महाकाय हरणाचं डोकं, माणसाचं धड आणि गरुडाचे पंख असलेला हा डोंगराचा रक्षक वादळं पाठवतो, अशी समजूत. त्यांच्यासाठी कटाडिन आजही पवित्र आहे.

दोन गोष्टी विसरू नका

जुलै १९३९ मध्ये डॉन फेंडलर हा बारा वर्षांचा मुलगा शिखराजवळ ढगात सोबत्यांपासून वेगळा झाला. तो नऊ दिवस जंगलात भटकत होता. बूट गेले, कपडे गेले, पोटाला फक्त रानबेरी. ओढ्याच्या काठाने चालत राहिला म्हणून तो अखेर माणसांपर्यंत पोहोचला आणि वाचला.

दुसरी गोष्ट ऑक्टोबर १९६३ ची. एक महिला गिर्यारोहक मैत्रिणीपासून वेगळी झाली आणि उतरताना जवळची वाट शोधायला गेली, ती कड्यात अडकली. राल्फ हीथ हा रेंजर तिला सोडवायला गेला. बर्फाचं वादळ आलं आणि दोघंही परत आले नाहीत. त्यांचे मृतदेह पुढच्या वसंतात सापडले.

म्हणूनच सोबत सोडू नका, शॉर्टकट घेऊ नका आणि किती वाजता परत फिरायचं हे पायथ्याशीच ठरवा. बॅगेत गरम कपडा, रेनकोट, हेडटॉर्च, कागदी नकाशा आणि भरपूर पाणी हवं. झऱ्याचं पाणी गाळून-उकळूनच प्या. इथे सुटका करणारे लोक यायला कित्येक तास लागू शकतात, आणि तुमच्या चुकीची किंमत त्यांनाही मोजावी लागू शकते.

शॅम्पेनची बाटली आणि दंड

कटाडिनचं शिखर म्हणजे सुमारे ३,५०० किलोमीटरच्या अॅपलाचियन ट्रेलचं उत्तर टोक. १४ राज्यं पायी तुडवून आलेले लोक इथल्या लाकडी फलकाला मिठी मारून रडतात. जुलै २०१५ मध्ये स्कॉट ज्युरेक या धावपटूने हे अंतर ४६ दिवस ८ तास ७ मिनिटांत पार करून तेव्हाचा विक्रम केला. शिखरावर शॅम्पेन फुटली, फोटो निघाले.

पार्कने काय केलं? सार्वजनिक जागी मद्यपान, कचरा आणि मोठा गट यासाठी नोटिसा दिल्या आणि फेसबुकवर जाहीर नाराजी व्यक्त केली. शेवटी मद्यपानाबद्दल ५०० डॉलरचा दंड झाला. अनेकांना हा अतिरेक वाटला. पण माथ्याच्या पठारावर कटाडिन आर्क्टिक नावाचं फुलपाखरू राहतं, जे जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिथली नाजूक झाडंझुडपं बुटाखाली गेली की पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात. एकाला सूट दिली की पुढच्या हजारांना नाही कसं म्हणणार, हा पार्कचा मुद्दा होता.

शिखर चढायचं नसेल तर?

तरीही जा! रोअरिंग ब्रुकजवळच्या सँडी स्ट्रीम पाँडवर थोडं चाललं की तळ्यात चरणारा मूस दिसण्याची चांगली शक्यता असते. डेसी पाँड आणि किडनी पाँडवर भाड्याने कॅनू मिळते. डेसी पाँडपासून लिटल नायगारा आणि बिग नायगारा या धबधब्यांपर्यंत आरामात चालत जाता येतं. आई-बाबा सोबत असतील तर हाच बेत उत्तम. मे अखेर ते जूनमध्ये काळ्या माश्या हैराण करतात. सप्टेंबरच्या शेवटी पानं लाल-पिवळी होतात, तो काळ सगळ्यात सुंदर.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी कळसूबाईवर किंवा हरिहरच्या पायऱ्यांवर लागलेल्या रांगांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आपल्याकडे गर्दी हाताबाहेर गेली की सरसकट बंदी येते आणि मग सगळेच घरी बसतात. बॅक्स्टरमध्ये रोज ठरावीक माणसं जातात, पण दरवर्षी जातात आणि डोंगर तसाच राहतो.

तुम्हाला काय वाटतं, आपल्या गड-शिखरांवरही अशी रोजची मर्यादा असावी का? कमेंटमध्ये नक्की सांगा, आणि अमेरिकेत असलेल्या तुमच्या ट्रेकर मित्राला हा लेख पाठवायला विसरू नका.