जुगलबंदी नव्हे, संगत!

सिंगापूरच्या शाळेत मुलं असलेल्या मराठी घरांत ऑगस्ट महिन्यात 'वन पीपल, वन नेशन, वन सिंगापूर' हे गाणं हमखास कानावर पडतं. १९९० सालच्या या गाण्याची चाल जेरेमी मॉन्टेरो यांची. हे गृहस्थ मुळात जॅझ पियानोवादक, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतं! १९८८ साली बेसवादक एल्डी यंग आणि ड्रमर रेड हॉल्ट यांच्याबरोबर ते स्वित्झर्लंडच्या माँट्रो महोत्सवात वाजवून आले. २००२ मध्ये त्यांना 'कल्चरल मेडॅलियन' हा इथल्या कलाक्षेत्रातला सर्वोच्च सन्मान मिळाला.

पियानो, बेस आणि ड्रम या त्रिकुटात कामाची वाटणी ठरलेली असते. खरी परीक्षा पियानो आणि गिटार दोघंच बसतात तेव्हा. ताल धरायला तिसरा कोणी नाही; शिवाय दोन्ही वाद्यांवर एका वेळी अनेक स्वर वाजतात. दोघांनीही हात मोकळा सोडला की नुसता गोंगाट!

मुळात जॅझमध्ये गिटारला पियानोच्या बरोबरीचा पाट मिळायलाच वेळ लागला. मोठ्या बँडमधल्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे तिचा आवाज पोचत नसे. काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ साली आलेले फ्रेडी ग्रीन तर जन्मभर ठेकाच धरून राहिले. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनकडे आले, ते इलेक्ट्रिक गिटार घेऊन, आणि गिटार पुढे येऊन बोलू लागली.

१९६१ साली पियानोवादक बिल एव्हान्स यांचे बेसवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेले. पुढच्याच वर्षी एव्हान्स यांनी गिटारवादक जिम हॉल यांच्यासह 'अंडरकरंट' ही तबकडी केली. फक्त दोघांनी. त्यातलं 'माय फनी व्हॅलेंटाइन' जरूर ऐका. एव्हान्स रंगात आले की हॉल गिटारवर ठेका धरतात; हॉल पुढे आले की एव्हान्स मागे सरतात. आपल्याकडचा चांगला पेटीवाला नाही का, गवयाने घेतलेली जागा अलगद उचलतो आणि पुन्हा गवयाच्या हवाली करतो? तसंच काहीसं हे.

जुगलबंदीत वरचढ कोण ते आपण पाहतो; इथे कोण कुठे थांबला ते ऐकायचं. २००२ साली उघडलेल्या एस्प्लनेडमध्ये संगीताचे मोफत कार्यक्रमही होत असतात. तिथे अशी जोडी दिसली तर मुलांना घेऊन बसा, आणि हळूच विचारा, "आत्ता गप्प कोण आहे?"