झीनचे कूळ: यंत्र की पत्ता?

एखाद्या विषयाच्या नादापायी स्वतः लिहिलेल्या, स्वतःच छापलेल्या आणि पिना मारून मोजक्या वाचकांना धाडलेल्या अनियतकालिकाला ‘झीन’ म्हणतात. तिचे कूळ बहुधा यंत्रापासून सांगितले जाते: सायक्लोस्टाइल आले म्हणून झीन आली. तारखा पाहिल्या तर हे पटत नाही. शिकागोच्या ए. बी. डिक कंपनीने मिमिओग्राफ, म्हणजे सायक्लोस्टाइलचेच यंत्र, 1887 मध्ये बाजारात आणला. पहिली फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनी काढलेली झीन, मानली जाणारी ‘द कॉमेट’ त्याच शिकागोत निघाली, पण मे 1930 मध्ये. यंत्र गावातच होते, तरी 43 वर्षे गेली.

अडले होते ते वाचकांपाशी, आणि ते वाचक जमवले एका छापील सवयीने. ह्यूगो गर्न्सबॅकने 1926 मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक काढले. त्यातल्या वाचकांच्या पत्रांखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापला जाई. संपादकाला लिहिणारी, बहुतेक कोवळ्या वयाची ही मंडळी मग परस्परच एकमेकांना लिहू लागली. त्यातून सायन्स करस्पॉन्डन्स क्लब उभा राहिला. ‘द कॉमेट’ हे त्याचेच पत्रक. झीनची खरी जननी तो पत्ता होय. सायक्लोस्टाइल फार तर सुईण.

यावर एक भक्कम प्रतिदावा आहे. अमेरिकेत हौशी मुद्रकांची परंपरा याहून जुनी. त्यांची राष्ट्रीय संघटना 1876 मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झाली. सभासद घरच्या छोट्या छापयंत्रावर अंक काढत आणि आपसांत वाटत. भयकथाकार लव्हक्राफ्ट याच वर्तुळातला. शिवाय 1937 मध्ये डोनाल्ड वोलहाइम यांनी विज्ञानकथाप्रेमींची ‘फापा’ ही संस्था सुरू केली, ती थेट याच धर्तीवर: प्रत्येकाने आपल्या अंकाच्या प्रती एका ठिकाणी पाठवायच्या, तिथून सर्वांचे एकत्र गठ्ठे निघायचे. ही उसनवारी निर्विवाद आहे, पण ती ‘द कॉमेट’नंतर सात वर्षांनी झाली. उसनी घेतली ती वाटपाची रीत. हौशी मुद्रकाला छपाईचाच छंद होता. फॅनझीनवाल्याला तेच पत्र वीस जणांना वीसदा लिहायचे नव्हते. म्हणून फॅनझीनमध्ये पत्रांना एवढी जागा मिळे, आणि अंकाची किंमत पुष्कळदा पैशांऐवजी एका अभिप्रायाच्या पत्राने किंवा आपल्या झीनच्या अदलाबदलीने चुकती होई.

दुसरा पुरावा मुंबईचा. 1950च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवरच काढले. यंत्र तेच, पण उगम कवितेत आणि मित्रांच्या मैफलीत. त्यामुळे निपजले ते वाङ्मयीन अनियतकालिक, फॅनझीन नव्हे.

पुढचे टप्पे सर्वपरिचित आहेत. 1933 मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी आपल्या झीनमध्ये ‘सुपरमॅन’ हे नाव पहिल्यांदा वापरले, तेही एका खलपुरुषासाठी. 1976 मध्ये लंडनच्या ‘स्निफिन ग्लू’ने पंक संगीताला झीन दिली, तोवर झेरॉक्स हाताशी आले होते.

झीन शोधण्याची वाटही पत्त्यावरूनच गेली. 1982 मध्ये माइक गंडरलॉय यांनी ‘फॅक्टशीट फाइव्ह’ सुरू केले. नाव जॉन ब्रनर या विज्ञानकथाकाराच्या कथेवरून सुचलेले. म्हणजे घराणे तेच. प्रत्येक झीनबद्दल चार ओळी, किंमत आणि पत्ता, हा मुख्य मजकूर. मासिकाकडे आलेल्या झीनांचा मोठा साठा पुढे न्यूयॉर्क राज्य ग्रंथालयात गेला.

संग्राहकांना सर्वांत दुर्मीळ वाटतात ते हेक्टोग्राफवरचे अंक. जिलेटिनच्या थरावरून जेमतेम पन्नासेक प्रती निघत आणि जांभळी शाई उजेडाने विटत जाई. रस्टी हेवेलिन यांनी जपलेल्या सुमारे 10,000 फॅनझीन आता आयोवा विद्यापीठात आहेत. हरवलेल्या अंकांचा माग तिथे अनेकदा दुसऱ्याच झीनमधल्या पत्रांतून आणि परीक्षणांतून लागतो.