ग्वाल्हेरची वाट



वारकऱ्याच्या तोंडीं पंढरीचें नांव ज्या भावानें येतें, त्याच भावानें दक्षिण महाराष्ट्रांतील जुन्या गवयांच्या घरांत एका दूरच्या शहराचें नांव घेतलें जात असे. तें शहर म्हणजे ग्वाल्हेर. तें डोळ्यांनीं पाहिलेला माणूस गांवांत क्वचितच असावयाचा. पण मुलाच्या गळ्यांत थोडी धार दिसूं लागली कीं त्याचें मन उत्तरेकडे धांव घेऊं लागे. या न पाहिलेल्या शहरावर ज्यांनीं जीव लावला, त्यांना तें प्रत्यक्षांत कसें भेटलें, याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

ग्वाल्हेरची ही कीर्ति कांहीं एका दिवसाची नव्हे. १४८६ ते १५१६ या काळांत तेथें राज्य करणाऱ्या राजा मानसिंह तोमरानें ध्रुपदाला आश्रय दिला. अकबराच्या दरबारचें भूषण ठरलेल्या तानसेनाची समाधि याच शहरांत आहे. पुढें शिंद्यांच्या आश्रयास हद्दूखां, हस्सूखां व नथ्थूखां हे कलावंत आले आणि ख्यालगायनाला तेथें नवें तेज चढलें. बडे महंमदखां यांची तान पडद्याआड बसून ऐकावी व ती गळ्यांत उतरवावी, अशी सोय महाराजांनींच हद्दू-हस्सूंना करून दिली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, विद्या त्या काळीं किती कडेकोट बंदोबस्तांत ठेवीत, हें तीवरून कळतें.

शिंद्यांचें राज्य मराठ्यांचें. त्यामुळें मराठी बोलणारीं कुटुंबें ग्वाल्हेरीस नांदत होतीं, आणि या मुसलमान उस्तादांनींही ब्राह्मण मुलांना आपल्यापाशीं बसविलें. वासुदेवबुवा जोशी, देवजीबुवा परांजपे, बाबा दीक्षित हे त्यांचेच शिष्य. दक्षिणेंतील तरुणांना ग्वाल्हेर परकी वाटली नाहीं, त्याचें एक कारण हें होय.

या तरुणांत अग्रगण्य म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. यांचा जन्म १८४९ सालीं इचलकरंजीजवळच्या चंदूर गांवीं झाला. वडील रामचंद्रबुवा स्वतः गाणारे. चंदूरहून ग्वाल्हेर सरळ रेषेंत मोजली तरी साडेसहाशे मैलांहून अधिक. आणि तेव्हां ग्वाल्हेरपर्यंत आगगाडी पोहोंचलेली नव्हती. बाळकृष्णबुवांनीं आधीं धारेस देवजीबुवांपाशीं शिक्षण घेतलें व नंतर ग्वाल्हेर गांठली. ज्या शहराचा इतकीं वर्षें ध्यास घेतला तें अखेर डोळ्यांपुढें उभें राहिलें. किल्ला होता, तानसेनाची समाधि होती, दरबार होता; पण गाणें? गाणें शहराच्या रस्त्यांवर सांडलेलें नव्हतें. तें वासुदेवबुवांच्या घरांत होतें, आणि त्या घराचें दार पहिल्या भेटींत उघडलें नाहीं. पुढें काशीस दोघांची पुन्हां गांठ पडली, तेथें गुरूंचें मन वळलें, आणि मग शिष्य त्यांच्या मागोमाग ग्वाल्हेरीस परतला, असें जुनी मंडळी सांगत. नंतरचीं वर्षें गुरुगृहींच्या कष्टांत व अखंड मेहनतींत गेलीं.

मी जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. नकाशावर बोट ठेवलें म्हणजे गांव सांपडला, असें मुलांना वाटतें. बाळकृष्णबुवांच्या चरित्रावरून मला उलट धडा मिळाला. आवडतें शहर गांठणें सोपें. त्या शहरांतील ज्या एका माणसासाठीं आपण चालत आलों, त्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोंचणें कठीण. ग्वाल्हेरची वाट चंदूरहून निघून गांवाच्या वेशीशीं संपत नव्हती. तेथें ती सुरू होत होती.

आणि इतक्या कष्टानें मिळालेलें धन या माणसानें कुलुपांत ठेविलें नाहीं, हें मला सर्वांत मोठें वाटतें. मुंबईस त्यांनीं 'संगीत दर्पण' नांवाचें मासिक चालविलें; तेथील हवा दम्याला मानवेना म्हणून ते मिरजेस आले व पुढें इचलकरंजीस राहिले. विष्णु दिगंबर पलुसकर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा, गुंडूबुवा इंगळे हे सारे त्यांचे शिष्य. पैकीं पलुसकर १८९६ सालीं मिरज सोडून निघाले, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. तेथें कोणाच्याही मुलानें फी भरून वर्गांत बसावें! जी विद्या मिळविण्यासाठीं गुरूला एकेकाळीं दारीं तिष्ठावें लागलें, तिच्या दारावर शिष्यानें पाटी लावली.

दैवाची लीला पाहा. हद्दूखां १८७५ सालीं निवर्तले. त्यांचे चिरंजीव रहिमतखां ग्वाल्हेर सोडून भटकत राहिले, त्यांची दशा वाईट झाली. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे हे हद्दूखांचेच शिष्य. त्यांनीं गुरुपुत्राला हुडकून काढून आपल्यापाशीं सांभाळलें. सर्कशीच्या तंबूबरोबर ग्वाल्हेरचा तो अस्सल आवाज गांवोगांव फिरला, आणि रहिमतखांनीं १९२२ सालीं देह ठेवला तो कुरुंदवाडास! हेंच पलुसकरांचें जन्मगांव. ज्या कृष्णाकांठचीं मुलें ग्वाल्हेरीस जाण्याचीं स्वप्नें पाहात, त्याच कांठीं ग्वाल्हेर स्वतः चालत आली होती.

निवृत्त झाल्यावर मींही ग्वाल्हेर पाहिली. महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारीं तानसेनाची समाधि अगदीं साधी, चारी बाजूंनीं मोकळी आहे. तेथील चिंचेचा पाला चघळला म्हणजे गळा गोड होतो, अशी समजूत आहे. मींही एक पान चघळलें. गळा होता तसाच राहिला. पान मात्र आंबट होतें. मग ध्यानांत आलें कीं, मला जी ग्वाल्हेर ठाऊक होती ती मीं लहानपणीं मिरजेकडच्या एका वृद्ध गवयाच्या ओटीवर ऐकली होती. शहरें दगडाविटांचीं असतात आणि झिजतात. त्यांच्यावर दुरून प्रेम करणारीं माणसें त्यांना गळ्यांत घालून घरीं आणतात व दुसऱ्यांच्या स्वाधीन करतात, म्हणूनच तीं टिकतात. आपल्या घरांतील मूल उद्यां तंबोऱ्यापाशीं बसेल, तेव्हां त्याला या वाटसरूंची आठवण अवश्य सांगावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.