न्यूझीलंडचे स्वयंसेवक : संकटात प्रथम धावून जाणाऱ्यांचा इतिहास

आपल्या समाजाची माणसे कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील गावे सोडून मुंबई-पुण्यास आली, कोणी कराचीस तर कोणी एडनला गेले, आणि पुढे इस्राएल, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशी दूरवर पांगली. घर सोडून गेलेल्या प्रत्येक माणसाला कधी ना कधी एक प्रश्न पडतो : परक्या मुलखात रात्री-अपरात्री संकट कोसळले, तर धावून येणारा आपला कोण? गावी असताना या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. भाऊबंद होते, शेजारी होता, आळीतली चार पोरे होती. परदेशात हे उत्तर नव्याने शोधावे लागते.

ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडे असलेल्या न्यूझीलंड या देशाने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. तेथील जवळजवळ प्रत्येक वस्तीत असे स्त्री-पुरुष आहेत, की जे दिवसा आपापला धंदा-नोकरी करतात आणि भोंगा वाजताच हातातले काम टाकून आग विझवायला, पुरातून माणसे काढायला किंवा अपघातातील जखमींना उचलायला धावतात. या कामाचा त्यांना पगार नसतो.

लाकडी गावे आणि पहिली पथके

क्षेत्रफळाने न्यूझीलंड महाराष्ट्रापेक्षा थोडा लहानच आहे. लोकसंख्या मात्र ५० लाखांच्या थोडी वर, म्हणजे एकट्या मुंबईच्या निम्मीही नाही. देश मुख्यतः दोन मोठ्या बेटांचा. मधून उंच डोंगर, वेगवान नद्या, धुमसणारे ज्वालामुखी, आणि खाली भूकवचाच्या दोन प्रचंड तुकड्यांची सीमा. अशा ठिकाणी भूकंप, पूर आणि दरडी या नित्याच्याच गोष्टी होत. वस्ती विरळ असल्याने प्रत्येक गावात पगारी बंब व पगारी माणसे ठेवणे सरकारला कधीच परवडले नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी गावे बांधली ती लाकडाची. त्यामुळे पहिली भीती आगीची होती. ऑकलंडमध्ये १८५४ साली आणि क्राइस्टचर्चमध्ये १८६० साली स्वयंसेवकांची अग्निशमन पथके उभी राहिली. घंटा झाली की दुकानदार दुकान सोडून येई, सुतार रंधा ठेवून येई, आणि सारे मिळून हातपंप ओढीत नेत. १८७८ साली या पथकांनी आपला देशव्यापी संघ स्थापन केला. तो आजही कार्य करीत आहे.

आगीमागोमाग इतर संकटांसाठीही माणसे पुढे आली. १८८५ साली क्राइस्टचर्च येथे सेंट जॉन संस्थेची शाखा निघून सामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकविण्यास आरंभ झाला. १९१० साली वेलिंग्टनजवळील लायल बे व क्राइस्टचर्चजवळील न्यू ब्रायटन येथे बुडणाऱ्यांना वाचविणारी मंडळे स्थापन झाली. १९३३ साली तारारुआ पर्वतरांगेत चार गिर्यारोहक हरवले, तेव्हा शेकडो लोक कित्येक दिवस रान धुंडाळीत होते. ते चौघे अखेर सुखरूप परतले. पण नुसत्या उत्साहाने शोध लागत नाही, त्याला आखणी लागते, हे गिर्यारोहण मंडळांना उमगले, आणि त्यातून डोंगरातील शोधकार्याची रीतसर व्यवस्था आकारास आली.

नेपियरचा भूकंप

३ फेब्रुवारी १९३१ रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास हॉक्स बे भागात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. नेपियर आणि हेस्टिंग्ज ही शहरे उद्ध्वस्त झाली. लागलीच औषधांच्या दुकानांतून आगी भडकल्या. बंबवाले आले, पण जमिनीखालचे नळ फुटलेले, पाण्याला दाब नाही. हातात नळी घेऊन शहर जळताना पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली. या भूकंपात २५६ माणसे दगावली. तो आजही त्या देशातील सर्वांत प्राणघातक भूकंप होय.

त्या दिवशी ‘व्हेरोनिका’ नावाची लढाऊ बोट योगायोगाने नेपियर बंदरात होती. तिच्या बिनतारी यंत्रावरून बातमी बाहेर गेली, आणि तिचे खलाशी फावडी-कुदळी घेऊन नागरिकांबरोबर ढिगारे उपसू लागले. शहराचा कारभार चालविण्यास नागरिकांनीच समिती नेमली. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर इस्पितळ उभे राहिले. बोट बंदरात होती म्हणून निभावले. ती नसती तर काय झाले असते, हा विचार पुढे पुष्कळांनी केला.

तांगीवाई आणि वाहिने

दुसरी मोठी आपत्ती १९५३ सालच्या २४ डिसेंबरची. रुआपेहू ज्वालामुखीच्या मुखातील सरोवर फुटून चिखल-पाण्याचा लोंढा उतरला आणि त्याने तांगीवाई येथील रेल्वेचा पूल खिळखिळा केला. नाताळसाठी घरी निघालेले प्रवासी व गाडीचे कर्मचारी मिळून २८५ माणसांची रात्रीची गाडी तिकडेच येत होती. सिरिल एलिस नावाचा टपाल खात्यातील कारकून मोटारीने त्याच वाटेने चालला होता. पुराचे पाणी पाहून तो हातातली बॅटरी हालवीत रुळांवरून गाडीच्या दिशेने धावत सुटला. पूर्ण वेगातली गाडी वेळेत थांबू शकली नाही. इंजिन व पुढचे डबे नदीत कोसळले. एक डबा काठावर लटकत राहिला. एलिस गाडीच्या गार्डसह त्यात शिरला, तोच डबाही खाली गेला. तरीही खिडकी फोडून त्यांनी व जॉन होल्मन या प्रवाशाने बहुतेक सर्वांना बाहेर काढले. त्या रात्री १५१ माणसे गेली. एलिस व होल्मन यांना पुढे जॉर्ज पदक मिळाले.

या कारकुनाला बचावाचे काम कोणी शिकविले नव्हते. असे धैर्य जगात सर्वत्र आढळते, आपल्याकडेही आढळते. परंतु असा एलिस प्रत्येक वेळी त्या वाटेने जात असेलच असे नाही. १९५९ साली न्यूझीलंड सरकारने नागरी संरक्षणाचे स्वतंत्र खाते उघडले आणि १९६२ साली त्याविषयी कायदा केला. मूळ धास्ती अणुयुद्धाची होती, पण उपयोग झाला तो भूकंप आणि पुरांसाठी.

नुसत्या कायद्याने काम भागत नाही, हे १० एप्रिल १९६८ रोजी कळले. वादळात सापडलेली ‘वाहिने’ ही प्रवासी बोट वेलिंग्टन बंदराच्या तोंडाशी खडकावर आदळली. बोटीवर ७३४ माणसे होती. दुपारी ती कलंडू लागली तेव्हा सीटून किनाऱ्यावरून खासगी होड्याही मदतीस निघाल्या आणि तिकडे पोहोचलेले बहुतेक लोक वाचले. पण वारा व ओहोटी पुष्कळांना समोरच्या, पूर्वेकडील खडकाळ किनाऱ्यावर घेऊन गेली. तिकडचा रस्ता दरडींनी अडला होता. ईस्टबोर्नकडून मदतीला निघालेल्यांना पोहोचायला उशीर झाला. त्या दिवशी मेलेल्या ५१ जणांपैकी बहुतेकांचा अंत याच किनाऱ्यावर झाला. माणसे तयार असून वाट बंद असली तर काय होते, याचा हा कडू धडा होता.

क्राइस्टचर्च आणि काइकौरा

२२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी क्राइस्टचर्च शहर हादरले. १८५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत वीसहून अधिक देशांचे नागरिक होते. इंग्रजी शिकण्यास आलेले परदेशी विद्यार्थी होते, तसेच भटकंतीस आलेले इस्राएलचे तीन तरुणही होते.

पडक्या इमारतींत शोध घेण्यास प्रशिक्षित पथके लागली. ती देशातून आणि ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर आदी देशांतून आली. पण उपनगरांत वेगळेच संकट होते. हादऱ्याने जमिनीतील वाळू पाण्यासह वर उसळून घरा-अंगणांत आणि रस्त्यांवर राखाडी गाळाचा थर बसला होता. म्हातारी माणसे तो उपसणार कशी? विद्यापीठातील सॅम जॉन्सन या विद्यार्थ्याने आदल्या सप्टेंबरातील भूकंपाच्या वेळीच फेसबुकवरून मित्रांना हाक दिली होती. या वेळी हजारो विद्यार्थी फावडी व हातगाड्या घेऊन आले. ‘विद्यार्थी स्वयंसेवक सेना’ हे त्यांचे नाव देशभर झाले. आसपासचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. शेजारणींनी चहा-फराळ केला. ही पोरे दारात उभी राहिली आणि आधी म्हाताऱ्यांशी चार शब्द बोलली, याचेच मोल अनेकांना गाळ उपसण्याहून अधिक वाटले. क्राइस्टचर्चनंतर तीन आठवड्यांच्या आतच जपानमध्ये महाभूकंप व त्सुनामी झाली, तेव्हा न्यूझीलंडचे शोधपथक तिकडे गेले. उपकाराची फेड इतक्या लवकर करण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

१४ नोव्हेंबर २०१६ रोजी मध्यरात्री काइकौरा येथे भूकंप झाला. दरडींमुळे गावाचे रस्ते तुटले. गावकरी आणि अडकलेले परदेशी प्रवासी यांना तेथील माओरी लोकांनी आपल्या ताकाहांगा ‘माराए’त आश्रय दिला. माराए म्हणजे त्यांच्या कुळाचे सभास्थान. आपल्याकडच्या चावडी आणि धर्मशाळेचे काम तेथे एकत्र चालते असे म्हणता येईल. आलेल्या प्रत्येकाला जेवण मिळाले, त्यात शेवंडही वाढले गेले. काइकौरा या नावाचा अर्थच शेवंड खाणे असा आहे! आपल्या वाचकांस शेवंड वर्ज्य, पण पाहुण्यापुढे घरातले उत्तम ते ठेवण्याची रीत मात्र आपल्या ओळखीची आहे.

भोंग्यामागची माणसे

आज देशातील अग्निशमनाचे काम २०१७ साली स्थापन झालेली एकच राष्ट्रीय संस्था पाहते. तिच्या दर पाच जवानांपैकी सुमारे चार स्वयंसेवक आहेत. त्यांत शिक्षक, शेतकरी, गवंडी, परिचारिका, दुकानदार असे सर्व आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ सरावाची असते. दोर कसा बांधायचा, चेपलेल्या मोटारीतून माणूस कसा काढायचा, थांबलेले हृदय पुन्हा कसे चालू करायचे, हे तेच ते धडे वर्षानुवर्षे गिरवावे लागतात. अनेक खेड्यांत रुग्णवाहिका दूर असल्याने रोग्याच्या दारात पहिले पोहोचतात ते हेच लोक. म्हणजे हाक आलेला रोगी बहुधा त्यांच्या ओळखीचाच असतो. शेजाऱ्याचा मृत्यू आपल्या हातांवर झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोशी दुकानात गाठ पडली, असे ओझे शहरातल्या पगारी जवानावर सहसा येत नाही.

कधी त्याहूनही मोठी किंमत मोजावी लागते. १३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री गॅब्रिएल चक्रीवादळात ऑकलंडच्या पश्चिमेकडील मुरिवाई येथे स्वयंसेवक पथक धोक्यातील घर पाहण्यास गेले असता दरड कोसळली. डेव्ह व्हॅन झ्वानेनबर्ग, जे व्यवसायाने पशुवैद्य होते, आणि क्रेग स्टीव्हन्स हे दोघे त्यात सापडले. पहिले जागीच गेले, दुसरे तीन दिवसांनी इस्पितळात. आपल्याच गावच्या लोकांसाठी ते त्या रात्री बाहेर पडले होते.

आता एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघात-भरपाईची योजना आहे आणि जखमी स्वयंसेवकाला तिचा लाभ मिळतो. परंतु धुरात वर्षे काढल्याने जडणारे कर्करोगासारखे आजार, किंवा भयानक दृश्ये पाहून मनाला झालेली इजा, यांबाबत कायद्याने पगारी जवान व स्वयंसेवक यांत भेद केला. स्वयंसेवक हा नोकर नाही, हे त्यामागचे कारण. एकाच आगीत खांद्याला खांदा लावून शिरलेल्या दोघांना आजारपणात वेगळा न्याय! पथकांच्या संघाला यासाठी संसदेकडे दाद मागावी लागली. जो पगार मागत नाही त्याला काहीच लागत नाही, अशी समजूत करून घेणे सरकारला फार सोपे असते.

आपल्या आठवणीतील प्रसंग

आपल्यातील वयोवृद्धांना १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतील स्फोट आठवत असेल, किंवा त्यांनी तो वडिलांकडून ऐकला असेल. ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीची आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. मांडवीतील आपले ‘शाआर हारहमीम’ मंदिर तेथून दूर नाही. त्या जवानांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिल हा दिवस पाळला जातो. आपल्या जुन्या मुलखात, रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला मोटाररस्ता नव्हता. त्या पावसाळी अंधारात आसपासची गिर्यारोहक मुले डोंगर चढून गेली. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्यांना मागेन दाविद अदोमचे स्वयंसेवक परिचित आहेतच. ती संस्थाही १९३० साली स्वयंसेवकांनीच सुरू केली.

तेव्हा धैर्य ही एका देशाची मिरास नव्हे. न्यूझीलंडकडून घेण्यासारखे आहे ते हे, की तेथे धैर्याला सवयीचे रूप दिले गेले. संकटाची वाट न पाहता आठवड्याची एक संध्याकाळ शेजाऱ्यासाठी बाजूला काढायची आणि हा क्रम बापाकडून मुलाकडे, आता आईकडून मुलीकडेही, चालू ठेवायचा.

त्या पथकांत २५ वर्षे सेवा झालेल्यास सुवर्णतारा देण्याची प्रथा आहे. पथकाच्या इमारतीत सेवा केलेल्यांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या दिसतात. वाचकहो, अशा पाट्या आपल्या मंदिराच्या भिंतीवरही आहेत. मुकादम, खजिनदार, हजान, आणि रात्री-अपरात्री निरोप येताच अंत्यविधीसाठी उठून जाणारी मंडळी, यांनीही कोणाकडून पगार घेतला नाही. या वर्धापनदिनी त्या पाट्या वाचताना नातवंडांना जवळ घ्यावे, प्रत्येक नावामागचे काम त्यांना सांगावे, आणि पुढच्या वेळी हाक आली तर कोण जाईल हेही त्यांना विचारावे.