सोनेगावची एकच धावपट्टी

धावपट्टीवर दोन विमाने एकमेकांच्या आड आली आणि त्यांतले एक छोटे, खासगी असले, की दोष कोणाचा हे चौकशीआधीच ठरून जाते. हौशी वैमानिक, अपुरा सराव, मालकाची घाई. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा शंभर वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला तर हा निवाडा उथळ वाटतो. परवानगी नसताना विमान, गाडी किंवा माणूस धावपट्टीवर येणे ही घुसखोरी खरीच आणि जीवघेणीही. पण एकाच पट्टीवर अनेकांचा हक्क मान्य करायचा आणि त्यांची नीट वाटणी मात्र करायची नाही, या जुन्या सवयीतून ती बहुधा जन्माला येते.

पहिल्या महायुद्धात, 1917-18 मध्ये, ब्रिटिश लष्करी विमानांसाठी सोनेगावचा तळ उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा हवाई दलाचा थांबा झाला. स्वातंत्र्यानंतर तो मुलकी हाती आला आणि जानेवारी 1949 मध्ये तिथे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमाने रात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटे चारही विमाने आपापल्या शहरी परतलेली असत. ऑक्टोबर 1973 पर्यंत हा क्रम चालला. काळोखात, काही तासांच्या आत, चार विमाने उतरायची आणि चार उडायची, तीही आजच्या साधनांशिवाय. डिसेंबर 1953 मध्ये या सेवेचे एक डाकोटा कोसळून 13 जण मृत्युमुखी पडले. पण तो अपघात उड्डाणानंतर इंजिन बंद पडल्याचा होता, जमिनीवरच्या गोंधळाचा नव्हता. टपाल सेवेची खरी यंत्रणा म्हणजे तिचे वेळापत्रक. कोण कुठून येणार, कुठे थांबणार आणि कोणाच्या मागून निघणार, हे वैमानिकांना आणि टॉवरला रोजच्या रिवाजाने ठाऊक असे.

पुढे हा सारखेपणा राहिला नाही. फ्लाइंग क्लबची सेसना विमाने, हवाई दलाची ‘गजराज’ म्हणून ओळखली जाणारी अवजड आयएल-76, प्रवासी जेट आणि उद्योगपतींची खासगी विमाने या सगळ्यांचा भार त्याच 3,200 मीटर लांबीच्या पट्टीवर आला. सेसना 152 सारखे विमान ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने उतरायला येते, जेट त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने. सेसनाला थांबायला काहीशे मीटर पुरतात. पण बाहेर पडायचा टॅक्सीवे लांब असेल तर ते पट्टीवरच रेंगाळते, मागून जेट येत असते आणि टॉवरला सेकंदांचा हिशेब करावा लागतो. यात शिकाऊ मुलाची चूक शोधणे सोपे आहे. इतक्या वेगवेगळ्या चालींची विमाने एकाच पट्टीवर आणली कोणी, हे विचारणे तेवढे सोपे नाही.

महाराष्ट्रातल्या गाजलेल्या घटनांत घुसखोर कोण होते तेही पाहावे. फेब्रुवारी 2009 मध्ये मुंबईत दिल्लीला निघालेल्या विमानाला धावतानाच थांबावे लागले, कारण राष्ट्रपतींच्या ताफ्यातले हवाई दलाचे हेलिकॉप्टर समोर उतरले होते. फेब्रुवारी 2020 मध्ये पुण्याच्या लोहगाव विमानतळावर एअर इंडियाच्या विमानाने वेळेआधीच नाक उचलले आणि त्याची शेपटी जमिनीला घासली. पट्टीवर एक जीप आणि माणूस होता. जून 2024 मध्ये मुंबईत एअर इंडियाचे विमान उडण्यासाठी धावत असतानाच मागे इंडिगोचे विमान उतरले. यांत खासगी सेसना एकही नाही. जुहूला तर उलटेच घडले: 1953 मध्ये बीओएसीचे कॉमेट आणि 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-8 सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या पट्टीवर उतरले.

यावर कोणी मिलानच्या लिनाते विमानतळाचे नाव घेईल आणि ते रास्तच आहे. 8 ऑक्टोबर 2001 रोजी धुक्यात एक खासगी सेसना सायटेशन चुकीच्या टॅक्सीवेने धावपट्टीवर गेली, उडणाऱ्या एसएएसच्या विमानाने तिला धडक दिली आणि 118 जण मरण पावले. त्या वैमानिकांकडे इतक्या दाट धुक्यात उडण्याची पात्रता नव्हती, हेही खरे. मात्र जमिनीवरचे जुने रडार बंद करून नवे बसवलेले नव्हते आणि टॅक्सीवेच्या खुणा व फलक सदोष होते, हे चौकशीने नोंदवले. अमेरिकेतल्या नोंदींतही वैमानिकांच्या चुका सर्वांत जास्त आणि त्यांत छोट्या विमानांचा वाटा मोठा असतो. तो आकडा मी नाकारत नाही. पण तिथे छोटी विमानेच प्रचंड संख्येने उडतात. शिवाय माणूस चुकणार हे धरूनच धावपट्टीची व्यवस्था करायची असते. चूक झाली म्हणून आश्चर्य वाटणाऱ्या व्यवस्थेला व्यवस्था कशाला म्हणायचे?

मग छोट्यांना बाहेर काढा, असा दुसरा मुद्दा येतो. काही अंशी तसे झालेही आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला गेले, गोंदियाजवळच्या बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था उभी राहिली. शिकाऊ उड्डाणांसाठी हा मार्ग योग्यच आहे. मात्र त्याने धोका संपतो असे नाही. 1996 मध्ये अमेरिकेतल्या क्विन्सी इथे टॉवर नसलेल्या लहान विमानतळावर एक छोटे प्रवासी विमान आणि एक खासगी विमान एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांवर आदळले आणि 14 माणसे गेली. आणि नागपुरातून कोणाला काढणार? रुग्णाला घेऊन निघालेली एअर अॅम्ब्युलन्स गोंदियाला पाठवता येत नाही. विधिमंडळाच्या दर हिवाळी अधिवेशनाला मंत्री आणि बडी मंडळी छोट्या विमानांनी येतात, तेही नेमके धुक्याच्या दिवसांत. ही विमाने रोजची नव्हेत. त्यांच्या वैमानिकांना सोनेगावची वळणे टपालवाल्यांसारखी तोंडपाठ नसतात. म्हणून धावपट्टीआधी थांबायच्या होल्डिंग पॉइंटवर लाल दिव्यांचा स्टॉप बार, टॉवरच्या प्रत्येक सूचनेचा वैमानिकाने केलेला पुनरुच्चार आणि जमिनीवरची हालचाल दाखवणारे रडार या गोष्टी मोठ्या महानगरांच्या मिरासदारीच्या नाहीत, मिश्र वाहतूक असलेल्या नागपुरालाच त्यांची अधिक गरज आहे. नागपूर विमानतळाच्या विस्ताराच्या मिहान प्रकल्पाच्या आराखड्यात 4,000 मीटरची दुसरी धावपट्टी कित्येक वर्षांपासून आहे. ती प्रत्यक्षात येईपर्यंत अधिवेशनाच्या काळात छोट्या विमानांना ठरलेल्या वेळा द्याव्यात आणि त्या वेळा मंत्र्यांच्या विमानांनीही पाळाव्यात.