नव्या कर्नलनंतर लिनक्स सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई नको!

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर अपडेट घेतले, संगणक पुन्हा सुरू केला आणि पडदा काळाच राहिला, अशी वेळ अनेकांवर येते. अशा प्रसंगी 'फॉरमॅट मारा' हा सल्ला सर्वांत आधी मिळतो. तो मानल्यास वर्षभराचे हिशेब, प्रबंध, छायाचित्रे यांवर पाणी सोडावे लागू शकते. वास्तविक बिघाड बहुधा कर्नलपुरताच असतो आणि आपल्या फाइली डिस्कवर जशाच्या तशा असतात.

नेमके बिघडते काय?
कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. संगणक सुरू होताना 'ग्रब' हा छोटा प्रोग्रॅम कर्नल आणि सोबतची 'इनिटरॅमएफएस' ही फाइल मेमरीत आणतो. डिस्क ओळखण्यासाठी लागणारे ड्रायव्हर या फाइलीत असतात. अपडेट चालू असताना 'बूट' विभागातील जागा संपली किंवा वीज गेली, तर ही फाइल अर्धवट राहते. मग कर्नलला मूळ विभाग सापडत नाही आणि 'कर्नल पॅनिक' हा संदेश झळकतो.

पहिला उपाय : जुने कर्नल
नवे कर्नल बसवताना जुने लगेच पुसले जात नाही. फेडोरा सर्वसाधारणपणे तीन कर्नल राखून ठेवते; उबुंटूतही आधीचे कर्नल शिल्लक असते. उबुंटूत संगणक सुरू होताना जुन्या बायॉस यंत्रावर 'शिफ्ट' कळ दाबून धरावी, यूईएफआय यंत्रावर 'एस्केप' दाबावी. ग्रबच्या यादीतील 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून आधीच्या क्रमांकाचे कर्नल निवडावे. संगणक सुरू झाला, तर दोष नव्या कर्नलकडे आहे हे जवळपास निश्चित. सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

त्यानंतर 'बूट' विभागात जागा आहे का, ते पाहावे. विभाग भरला असल्यास वापरात नसलेली जुनी कर्नल पॅकेज व्यवस्थापकाद्वारेच काढावीत. फाइली हाताने पुसू नयेत. मग नव्या कर्नलचे पॅकेज पुन्हा बसवावे. इनिटरॅमएफएस नव्याने तयार करण्यासाठी उबुंटूत 'अपडेट-इनिटरॅमएफएस', तर फेडोरात 'ड्रॅकट' ही आज्ञा आहे.

पडदा काळा राहिल्यास
संगणक सुरू होतो, पण चित्र दिसत नाही, अशा वेळी ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्यावा. एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलशी जुळवून घ्यावा लागतो. ग्रबच्या यादीत 'ई' कळ दाबावी, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहावे आणि 'एफ-१०' दाबावी. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. चित्र दिसू लागल्यास ड्रायव्हर पुन्हा बसवावा. 'सिक्युअर बूट' चालू असल्यास स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

जुने कर्नलही चालत नसेल तर
लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि 'इन्स्टॉल'ऐवजी 'ट्राय' हा पर्याय निवडावा. आपल्या फाइली तेथून उतरवून घेता येतात. डिस्क सांकेतिक कुलुपात असेल, तर तिचा परवलीचा शब्द लागेल. डिस्कच वाचता येत नसल्यास दोष यंत्रभागात असू शकतो.

या धास्तीने अपडेट कायमचे बंद करणे मात्र योग्य नव्हे. सुरक्षेतील त्रुटींची दुरुस्ती नव्या कर्नलमधूनच येते. जुने कर्नल हा तात्पुरता आसरा समजावा आणि अपडेटपूर्वी फाइलींची प्रत घेण्याची सवय लावावी.