गर्दीत विझणारे रंग, गर्दीत पेटणारे रंग

पीएचडीसाठी विषय शोधताय? मग 'कर्करोग ओळखणारा चमकता सेन्सर' असं कुठेतरी वाचलं असेलच. त्यात उडी मारण्याआधी त्याचा इतिहास बघा, कामाला येईल.

1936-37 च्या सुमारास इंग्लंडमध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेत एडविन जेली आणि म्युनिकमध्ये गुंटर शाइबे यांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट दिसली. स्यूडोआयसोसायनिन या रंगद्रव्याचं द्रावण दाट केलं, की त्याचे रेणू आपणहून रांगेत लागतात आणि वर्णपटात तांबड्याच्या बाजूला एक अरुंद, ठळक पट्टा उमटतो. जेलीच्या नावावरून अशा रांगांना आजही 'जे-ॲग्रिगेट' म्हणतात.

पण बहुतेक चपटी रंगद्रव्यं एकमेकांना चिकटली की चमक गमावतात. म्हणून वर्षानुवर्षं नियम एकच होता: गर्दी टाळा. 2001 मध्ये हाँगकाँगला बेन झोंग तांग यांच्या गटाला उलटंच दिसलं. सायलोलचे रेणू द्रावणात अंधारे, पण एकत्र आले की चमकणारे! मोकळ्या रेणूची ऊर्जा त्याच्या कड्या फिरण्यात खर्च होते. गर्दीत फिरायला जागा नाही, मग ती प्रकाश होऊन बाहेर पडते.

सेन्सरची युक्ती यातूनच आली. कर्करोगाशी संबंधित प्रथिन आलं की रंगरेणूंचे पुंजके जुळावेत किंवा सुटावेत, आणि उजेड बदलावा. उदाहरणार्थ सीईए, जे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी 1965 मध्ये शोधलं.

आता खरी अडचण. सीईएची नेहमीची मर्यादा मिलिलिटरला सुमारे 5 नॅनोग्रॅम. त्याच रक्तातलं अल्ब्युमिन त्याच्या जवळपास 80 लाख पट, आणि तेही रंगरेणूंना धरून ठेवतं. बफरमध्ये झकास चाललेला सेन्सर इथे फसतो. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांतही सीईए वाढलेलं असू शकतं. म्हणजे आकडा बरोबर आला तरी निदान झालं असं नाही.

आपल्या वर्ध्याचंच घ्या. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था 1969 पासून खेड्यातल्या रुग्णांसाठी उभी आहे. जिल्ह्यातल्या कर्करोगांची नोंदही तिथे होते. तुमचा सेन्सर उद्या अशा ठिकाणी पोचला, तर समोर बफर नसेल, रक्त असेल. खोटा उजेड म्हणजे एखाद्या बाईला उगाच तपासण्यांचा फेरा. खोटा अंधार म्हणजे हातून गेलेली वेळ.

म्हणून पहिल्याच महिन्यात रंगद्रव्य नुसत्या अल्ब्युमिनमध्ये टाकून बघा. चमकलं तर नमुना फेकू नका. का चमकलं, हाच कदाचित तुमचा विषय असेल.